विचारतेस काय, ये

फोन आला तेव्हा मी आमच्या औषधांच्या दुकानात एका आजोबांना रक्तदाबाची गोळी सकाळीच का घ्यायची ते समजावत होते. हॉस्पिसमधल्या नर्सचा आवाज एव्हाना ओळखीचा झाला होता. सुलभा दहा मिनिटांपूर्वी गेली, शांतपणे गेली, असं ती म्हणाली. मी थँक यू म्हणाले, आजोबांना सांगायचं ते सगळं सांगितलं, पिशवीवर लेबल चिकटवलं आणि मग आत जाऊन खोक्यांवर बसले. पहिला विचार दुःखाचा नव्हता, हे आज कबूल करते. तिला सांगायचं राहिलं होतं ते आता कायमचं राहिलं, हा पहिला विचार होता. त्याला सहा आठवडे झाले. सुलूबद्दल लिहा, असा वर्तमानपत्राच्या पुरवणीकडून निरोप आला तेव्हा तिच्या पुरणपोळ्या, इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात तिनं विसरलेली वाक्यं, असं हसतंखेळतं काहीतरी लिहायचं ठरवलं होतं. पण लिहायला बसलं की पेन त्या एका शनिवारपाशी जाऊन अडतं... तर तेच लिहिते.

न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागात, आम्ही सव्वीस वर्षं दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहिलो. ती पुण्याची नर्स, मी गिरगावातली फार्मासिस्ट. ती माझ्याकडे कधीही यायची. मागच्या दारानं, जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, पायरीवर काढून, "काय केलंयस गं आज?" म्हणत थेट शेगडीपाशी. माझं तसं नव्हतं. या देशात आले त्या पहिल्याच संक्रांतीला मी शेजारणीकडे तिळगूळ घेऊन गेले होते. तिनं दार अर्धवट उघडून, घाबऱ्या चेहऱ्यानं, "इज एव्हरीथिंग ओके?" असं विचारलं आणि मी कानाला खडा लावला. न कळवता कुणाकडे जायचं नाही. सुलूकडे जायचं असलं तरी आधी मेसेज : "येऊ का?" तिचं उत्तर ठरलेलं : "विचारतेस काय, ये." भेटल्यावर टिंगल वेगळीच. "नंदे, तू यमालासुद्धा अपॉइंटमेंट घ्यायला लावशील."

तिला एकच मुलगा, निखिल. तो सिडनीत असतो. आठ वर्षांपूर्वी सुलूचा नवरा, अरुण, बसल्या जागी गेला तेव्हा निखिल कामात अडकून दोन दिवस उशिरा पोचला. आणि सुलू, जी परक्या माणसांची उशापायथ्याशी बसून समजूत काढायची ती सुलू, भरल्या घरात सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, "आता कशाला आलास?" एवढंच. क्रियाकर्म उरकून तो परत गेला तो गेलाच. फोन उचलेना, मेसेजला उत्तर देईना. तिनं माफीची पत्रंसुद्धा पाठवली, हातानं लिहून. तिकडे त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, इरा. नातीचे फोटो सुलूला सुनेच्या फेसबुकवर, एखाद्या तिऱ्हाइतासारखे बघायला मिळायचे.

गेल्या ऑक्टोबरात सुलूला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. नर्सपासून काय लपवणार? तिनंच डॉक्टरला विचारलं, ख्रिसमस तरी दिसेल ना? डिसेंबर लागला आणि एका सकाळी ती मागच्या दारानं धापा टाकत आली. सुनेनं फेसबुकवर टाकलं होतं : येत्या शनिवारी सिडनीतल्या एका पार्कातल्या ख्रिसमस मार्केटमध्ये अकरा वाजता इराच्या शाळेची मुलं गाणार. "पहाटेच्या विमानानं जायचं, त्याच दिवशी परत. तुला रजा आहे, मी विचारून आलेय दुकानात," ती म्हणाली. मी म्हटलं, अगं, तुला जिना चढवत नाही. तर म्हणे, "मला काही करायचं नाहीये तिथे. फक्त समोर उभी राहणार. समोर उभी राहिले की तो नाही म्हणणार नाही. माझं पोर आहे, मला माहितीये." मग तिनं मला दोन शपथा घातल्या. आपण येतोय हे निखिलला कळवायचं नाही. आणि आजाराचं तर अवाक्षर काढायचं नाही, तिला त्याची दया नको होती.

मी दोन दिवस तगमगत होते. चारचौघांत त्यानं तोंड फिरवलं तर? सून ओळखतही नाही, पोरीच्या कार्यक्रमात तमाशा झाला तर? ...आणि खरं सांगायचं तर, न कळवता जायचं हेच माझ्या स्वभावात बसेना. शुक्रवारी दुपारी मी निखिलला मेसेज केला : "उद्या आई आणि मी मार्केटला येतोय. इराचं गाणं ऐकायचंय तिला. चालेल ना?" दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही. नाही म्हणाला नाही म्हणजे हो, असं मी स्वतःला समजावलं. आजाराचं लिहिलं नाही, शपथ होती ना! एक शपथ मोडली आणि एक पाळली, आणि दोन्हीकडे चुकले.

सिडनीत ऊन नुसतं ओतत होतं. स्टॉलांच्या छपरांवर साबणाच्या फेसाचं बर्फ, अर्ध्या चड्डीतला सांता घाम पुसतोय, आणि सुलूनं नेसली होती निखिलच्या मुंजीतली मोरपंखी साडी. ओळखायला सोपं जाईल म्हणे. कमरेशी पाच सेफ्टी पिना, इतकी ती वाळली होती. एका स्टॉलवर एक म्हातारा लाकडी घंटांवर तापल्या सळईनं नावं कोरून देत होता. सुलूनं कागदावर देवनागरीत "इरा" लिहून दिलं आणि त्यानं चित्र काढावं तसं ते हुबेहूब उतरवलं. ती घंटा मुठीत धरून ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. मुलं स्टेजवर आली, एकोणीस. सुलूनं डावीकडून उजवीकडे एकेक चेहरा पाहिला, मग उजवीकडून डावीकडे. मी दुसरीकडेच बघत होते. तीन गाणी झाली, टाळ्या झाल्या, मुलं उतरली. एका शिक्षिकेला तिनं जाऊन विचारलं, इरा कुठेय? "ओह, हर डॅड रँग दिस मॉर्निंग. शी कुडन्ट मेक इट."

"ताप आला असेल," सुलू म्हणाली. "ऊन केवढं आहे." आणि तरी विमानाची वेळ होईपर्यंत आम्ही तिथेच बसलो, न जाणो, संध्याकाळी फिरायला म्हणून येतील. दर अर्ध्या तासानं ती उठून फाटकापर्यंत जायची आणि परत यायची. मी तिला वेदनेची गोळी दिली, पाणी दिलं. खरं तेवढं दिलं नाही. ऑकलंडला उतरल्यावर विमानतळावरच्या तपासणीत लाकडी वस्तू म्हणून घंटा दाखवावी लागली. तिथल्या माणसानं ती उलटसुलट करून पाहिली, "स्वीट ऍज", म्हणजे काही हरकत नाही, म्हणाला आणि परत दिली. गाडीत बसल्यावर सुलू पहिल्यांदा रडली. "काढून घेतली असती तर बरं झालं असतं गं. आता ही घरात दिसत राहणार."

घंटा तिनं स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगली. ख्रिसमस दिसला, जानेवारी दिसला, फेब्रुवारीत ती हॉस्पिसमध्ये गेली. एकदा माझा हात धरून म्हणाली, "आपण जरा आधी चौकशी करून जायला हवं होतं का गं?" देवानं माझ्यासमोर दार उघडून ठेवलं होतं. मी म्हटलं, "झोप आता." तिची शुद्ध हरपली तेव्हा कुठे मी निखिलला सगळं कळवलं. मिळालं ते विमान पकडून तो आला, तरी एक दिवस उशिराच. त्याला दारात पाहिलं आणि तेच तीन शब्द माझ्या जिभेवर आले. गिळले. ते उच्चारायचा अधिकार मला तर मुळीच नव्हता.

अंत्यविधीनंतर आम्ही दोघं तिच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. मी त्याला त्या शपथांचं सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, शी वॉज डाइंग, आणि तू मला विचारलंस, चालेल ना?"

मी मान खाली घातली.

"तू विचारलंस म्हणून मला ठरवावं लागलं. रात्रभर ठरवत होतो. सकाळी घाबरलो आणि शाळेत फोन केला." त्यानं मागच्या दाराकडे पाहिलं. "ती नुसती समोर आली असती ना... मी काय करणार होतो? आय वुड हॅव जस्ट हग्ड हर."

मी खिळ्यावरची घंटा काढून त्याच्या हातात दिली. याच टेबलापाशी सुलूनं त्याला मुळाक्षरं गिरवायला लावली होती. त्यानं एकेक अक्षर बोटानं चाचपत वाचलं आणि घंटा वाजू नये म्हणून रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. मला क्षमा केलीस का, असं मी विचारलं नाही. आता विचारण्याची भीतीच बसली आहे.

मागच्या रविवारी घर रिकामं करून द्यायचं होतं. किल्ली माझ्याकडेच होती. मागच्या पायरीपाशी पोचले, तिथे तिच्या जँडल्स अजून होत्या. आणि सवयीनं फोन काढून मी लिहिलंसुद्धा : "येऊ का?" पाठवला. एकच करडी खूण. वरती सरकवत गेले तर माझा तोच प्रश्न शेकडो वेळा, आणि प्रत्येकाखाली तिचं तेच उत्तर. इतकी वर्षं ती मला एकच गोष्ट शिकवत होती... विचारतेस काय, ये.