कॅमेरा पास

उल्हासनगरात एक सिंधी मोबाइलवाला आहे. दुकानात आलेला प्रत्येक कॅमेरा तो माझ्यावर तपासतो. "साईं, हलू नको. तुझा रंग खरा आला, तर कॅमेरा पास." माझा रंग म्हणजे जुना तवा. शाळेत कधी तोंड दाखवलं नाही, इथे चहासाठी रोज दाखवतो.

परवा मलाच फोन हवा होता, गावी आईला फोटो पाठवायला. महागड्या फोनात मी नवरदेवासारखा गोरा आलो. म्हटलं, "हाच दे!"

त्याने फोटो बोटांनी मोठा केला. "कपाळावरची खोक कुठे गेली? आई पोरगा शोधत बसेल." आणि स्वस्तातला दिला.

फोटो बघून आईचा लगेच फोन, "किती वाळलास रे!"

मी दुकानात जाऊन सांगितलं. तो खूश होऊन म्हणाला, "पास!"