बर्फावर फोडलेला नारळ

चंद्रहास, मुद्दाम लिहितेय. फोनवर तू नुसतं "हो मावशी, हो मावशी" करतोस. गेल्या दिवाळी पहाटेला अरीनात काय झालं याबद्दल लोक काहीबाही सांगत फिरतायत. तू रडलास म्हणे! मी तिथे होते. आता माझ्याकडून ऐक, आणि सगळ्यांनाही वाचू दे.

तू सांगलीचा. इथे परदेशात शिकायला आलास, मनुरेवाच्या कोपऱ्यावरच्या एका डेअरीत दूध-पाव विकलास, मग माउंट वेलिंग्टनच्या आइस हॉकी अरीनात भाड्याच्या स्केट्स देणाऱ्या खिडकीत बसलास. तिथून बर्फ गुळगुळीत करणाऱ्या गाडीवर चढलास. आईला तुझ्या अजून वाटतं, पोरगा आइसक्रीमच्या कारखान्यात आहे! त्या दिवशी पहिल्यांदाच सगळा बर्फ तुझ्या एकट्याच्या हवाली होता. सकाळी आपल्या मंडळाचं गाणं, लगेच दुपारी मुलींच्या हॉकीची फायनल. बर्फ टिकला तर तू कायम, नाहीतर परत खिडकी.

बर्फावर तू जाड फळ्या अंथरल्यास, त्यांवर खुर्च्या. काय गर्दी लोटली होती! वर पैठण्या, आत थर्मल. तू माइकवरून बजावलंस, "फळ्यांवर पाणी सांडायचं नाही. थेंबसुद्धा नाही."

पण आमचे अध्यक्ष गुरुनाथ कुणाचं ऐकतील तर ना! तबला लागला, आणि हे गृहस्थ स्टेजसमोर वाकून फळीवरच नारळ फोडून मोकळे. सगळं पाणी फटीतून खाली.

"अहो काका!" तू ओरडलास.

"अरे, शुभारंभाला नारळ नको?"

"मग डोक्यावर फोडायचा!"

"कुणाच्या?"

"तुमच्या!"

पहिल्या दोन रांगा खो खो हसल्या. तू मात्र पांढराफटक पडला होतास.

गाणं संपलं, फळ्या भराभर उचलल्या गेल्या. स्टेजजवळची एक फळी मात्र हलेना. नारळाचं पाणी गोठून ती बर्फाला घट्ट चिकटली होती. आपल्या मंडळातली नीलिमा थर्मास घेऊन धावली. "गरम पाणी ओतू का रे?"

"ओता ताई, खड्डा पडेल. त्यात मलाच पुरा."

बाहेर हॉकीच्या पोरी बॅगा घेऊन येऊन ठेपल्या, मॅनेजर घड्याळ बघायला लागला. तू बर्फावर सरळ पालथा पडलास. लाकडी पाचर सारायची, हातोडीने हलकेच ठोकायची, पुढे सरकायचं. मी पदर खोचून शेजारी बसले आणि एकेक पाचर हातात देत राहिले. तुझ्या नाकावरून टपटप गळत होता तो घाम होता. त्या गारठ्यात घाम! लोकांना अश्रू दिसले, त्याला मी काय करू?

काड्कन फळी सुटली. तिचा एक कोपरा तुटला आणि ताटाएवढा बर्फही उखडून आला. तू बर्फाचा चुरा पाण्यात कालवलास, खड्ड्यात भरलास, तळव्याने दाबून बसवलास आणि वरून गाडी फिरवलीस.

मॅचच्या शेवटच्या मिनिटाला हॉकीची ती काळी चकती बरोबर त्या जागेवरून सुसाट गेली. जराही उडली नाही, थेट गोल! मी अशी किंचाळले की शेजारची बाई दचकली. मॅनेजर तुझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "स्वीट अ‍ॅज!" म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास. तिथेच तू कायम झालास.

फुटक्या फळीचं काय, विचारलंस. म्हटलं, आमच्या अध्यक्षांचा प्रताप, मीच भरून देते. पुकेकोहेला ओळखीचा सुतार आहे. "शनिवारी दोघं जाऊ, मावशी," म्हणालास.

अरीनात शनिवारीच मॅचेस, कायम झालेल्या माणसाला त्या दिवशी सुट्टी नसते, हे दोघांनाही सुचलं नाही. फळी अजून माझ्या गॅरेजात उभी आहे.