साक्षीदाराचा रकाना

हिंगणीची गाडी लागली आणि दारात भलताच कंडक्टर. "गुलाबराव सुट्टीवर का?" मी सहज विचारलं. त्याच्या हातातला तिकिटं टोचायचा चिमटा थांबला. "तुमाले ठाऊक नाई का सर? परवा गेले नं ते. चालत्या गाडीतच छातीत कळ आली…" मी पायरीवरून खाली उतरलो. गाडी निघून गेली. महिना झाला, पण मी अजून वर्ध्याच्या त्या स्टँडवरच उभा आहे असं वाटतं.

गुलाबराव सेलूचे. पक्षी पाहायचं वेड. आमचं पाच-सहा जणांचं मंडळ होतं, आणि मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो म्हणून आलेली टिपणं तपासायचं काम माझ्याकडे. नियमही माझेच. आपल्या भागात न आढळणारा शिकारी पक्षी दिसला, तर दुसऱ्या कुणी पाहून सही केल्याशिवाय नोंद धरायची नाही. धरली, की पाहणाऱ्याला कार्ड टाकून कळवायचं.

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या हिवाळ्यात गुलाबराव ड्यूटीवरून थेट बैठकीला आले, खाकी वर्दीत, काखेत तिकिटांची पेटी. बोर धरणावर त्यांनी समुद्रगरुड पाहिला होता. पोट पांढरं, पंख राखी, शेपूट पाचरीसारखं. मी हसलोच. "अहो, तो किनाऱ्यावरचा पक्षी. घार असेल एखादी."

"मंग त्याले नकाशा दाखवू का सर? बापा, तुही हद्द कोकणात हाय, वापस जाय म्हणू?"

सगळे खो खो हसले. नोंद मी फेटाळली. पुढे कितीतरी दिवस "काय गुलाबराव, आज देवमासा दिसला का?" ही थट्टा चालली. सुरुवात माझी होती.

आता लिहितो ते कुणालाच सांगितलेलं नाही. पंधरा दिवसांनी मी एकटा धरणावर गेलो, खरं तर त्यांना खोटं पाडायलाच… आणि तो आला. पांढरं पोट, पाचरीसारखं शेपूट. पाण्यातून मासा उचलून माझ्या डोक्यावरून गेला. मी दुर्बीण पिशवीत टाकली आणि घरी आलो. आज सांगू, उद्या सांगू… नऊ वर्षं गेली. गुलाबराव त्यांच्या गाडीत माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवत, आणि मी बसत असे.

तेरवीला सेलूला गेलो तेव्हा वहिनींनी त्यांची वही हातात दिली. "पाहा भाऊजी, तुमच्या कामाची हाय का." मी ते पान शोधलं. फेटाळलेल्या नोंदीखाली पंधरा दिवसांनंतरची दुसरी नोंद होती. 'बोर धरण. गरुड परत आला. मासा धरला. पलीकडच्या काठावर सर, दुर्बीण लावून.' साक्षीदाराच्या रकान्यात माझं नाव. सहीपुरती जागा मोकळी.

त्यांनी मला पाहिलं होतं! आणि नऊ वर्षांत एक शब्द नाही, थट्टेतसुद्धा नाही. "काऊन सर, सही करता का?" एवढं जरी म्हणाले असते…

वही माझ्या टेबलावर आहे. काल सही केली, तारीख कालचीच घातली. मग कार्ड घेतलं, गुलाबरावांचं नाव लिहिलं, नोंद मंजूर झाल्याचं कळवलं. टपालपेटीत टाकवलं नाही. उद्या हिंगणीच्या गाडीने सेलूला उतरून वहिनींना वाचून दाखवणार आहे, आणि ते नऊ वर्षं उशिरा का आलं तेही सांगणार आहे.