तलावात न गेलेला मासा

पृथ्वीवरच्या झाडून साऱ्या गोगलगायींची चौकशी आपल्याच गळ्यात पडली आहे असं मानून जगणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा! मामांना लग्नाला न्यायची सोय नव्हती. दाराशी घंगाळात कमळं ठेवलेली दिसली की बाह्या सरसावून हात आत. पानाखालून बोराएवढी गोगलगाय काढायची आणि तिलाच विचारायचं, "तू कोन्या गावची वं?" मग ऐन पंगतीत किड्याची कुंडली सुरू: तो गोगलगायीच्या पोटात वाढतो, पाण्यात उतरतो, काठच्या गवताला चिकटतो, गवतातून म्हशीच्या पोटात जातो आणि तिचं लिव्हर पोखरतो. शेजारचा पाहुणा वांग्याची भाजी बाजूला सारी. "सगळ्याच गोगलगायींत असतो का हो?" मी एकदा विचारलं. "नसते ना! पन कोन्तीत आहे हे तिच्या कपाळावर लिहून राहते का? अन् बाहेरदेशची आली, म्हंजे किड्याले अजून एक घर भेटलं!"

घरच्या माशांचा कंटाळा आला की लोक टाकी बादलीत रिकामी करून तलावावर येत, आणि मासे, शेवाळ, गोगलगायी सगळं पाण्यात ओतून वर हात जोडत. मामा फिरायला तिथंच. "पुण्य कमवून राहिले का बाप्पा? अन् म्हशीचं काय?" असं म्हणत दिसेल त्याची भरली बादली स्वतःच घरी आणायचे. गोगलगायी उकळत्या पाण्यात, शेवाळ उन्हात, मासे मुक्कामाला. प्रताप नगरातल्या त्यांच्या घरात देवघरापर्यंत टाक्या पोचल्या. मामी म्हणत, "आमच्या इथं मानसं कमी येते, मासेच जास्त येते."

यंदा मुलानं दोघांना कायमचं बंगलोरला न्यायचं ठरवलं. देखणे मासे लोकांनी हौसेनं नेले. उरला एक काळाकुट्ट, हातभर लांब, काचेला तोंड लावून बसणारा. त्याला कोणी घेईना. "बाबा, सोडा ना तलावात," मुलगा म्हणाला, आणि मामांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

त्या घरात जावयानं स्वतःचा पेला विसळला तरी मामी कासावीस व्हायच्या. निघायच्या दिवशी मात्र मामा टब घेऊन माझ्यापुढं उभे. "जावयाले काम सांगू नये, समजते मले. पन याले न्या जी. तलावात नका सोडू. पाया पडतो." आणि खरोखरच वाकले! मी त्यांचे हात धरले. मलाच रडू आलं.

आता दर रविवारी फोन येतो. "टाकीचं पानी कुठं टाकलं?"

"कुंडीत."

"नालीत नाही ना?"

"नाही हो मामा."

मग, "जेवून राहिला ना तो?"

"जेवतो. तुम्ही जेवलात का?"

त्यावर मात्र ते फोन मामींकडे देतात.