बंडाची सुतळी

सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे नेदरलँड्सला, आल्मेरेला आल्या आणि करोनामुळे विमानंच बंद झाली. सासरे पुण्यात एकटे. त्यांना चहा करता येतो, पण गॅस बंद करायचं लक्षात राहत नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. रोज सकाळी त्या मला विचारायच्या, "अगं, सुरू झाली का?" जशी काही विमानं मीच अडवून धरली होती.

नवरा जेवणाच्या टेबलावर ऑफिस मांडून बसलेला, सोफ्यावर मुलीची शाळा. मुलगी दहा वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र डचमध्ये. त्यात तिच्यावर स्प्रेकबर्टची पाळी आली, म्हणजे वर्गापुढे करायचं भाषण. तेव्हा वर्ग लॅपटॉपमध्ये होता. स्पेनच्या राजाला आपण कसं हाकललं याचा इथल्या मुलांना फार अभिमान. हिनं शोधून काढलं की स्पॅनिशांना अमेरिकेतल्या पुएब्लो लोकांनीही हाकललं होतं.

"मलाही सांग की," सासूबाई म्हणाल्या. "पण मराठीत."

तालमीला दुसरं कुणी मिळेना, म्हणून ती तयार झाली. "आजी, ते मातीच्या घरात राहायचे. मका लावायचे. मग स्पॅनिश आले. मका घेतला. काम करून घेतलं, फुकट."

"वेठबिगारी," सासूबाई म्हणाल्या.

"त्यांची देवाची खोली होती, जमिनीखाली. ती बंद केली. मुखवटे जाळले. पुजाऱ्यांना चाबकानं मारलं."

"देवाला हात लावला? मग पेटणारच माणसं. पण तळघरात देव म्हणजे ओल येत असेल."

"आजी, तिथे पाऊसच नाही!"

मग बंडाची गोष्ट. गावोगावी पळत जाणारी माणसं गाठी मारलेली दोरी पोचवायची. रोज एक गाठ सोडायची. गाठी संपल्या की सगळ्यांनी एकदम उठायचं. मुलीनं भाषणात दाखवायला सुतळीला गाठी मारून तशी दोरी केली आणि टेबलावर ठेवली.

सासूबाईंना गाठ बघवत नाही. मिठाईच्या पुड्याचा दोरा कात्रीनं कापणारी सून म्हणजे त्यांच्या लेखी उधळी. त्या गाठ नखानं सोडवतात, दोरा गुंडाळतात, जपून ठेवतात. त्या दुपारी सासऱ्यांना फोनवरून कुकरच्या शिट्ट्या समजावता समजावता त्यांनी सगळी सुतळी मोकळी केली.

दुसऱ्या दिवशी, भाषणाच्या सकाळी, मुलगी आधी डचमध्ये किंचाळली, मग मराठीत. "आजी! तू बंड आजच सुरू केलंस!"

"अगं, बोलता बोलता हात गेला गं," सासूबाई म्हणाल्या. चेहरा पार उतरला होता.

मुलीनं कॅमेऱ्यासमोर गुळगुळीत सुतळी धरली आणि आजीचा पराक्रम सांगितला. बाई खूश. कारण खरोखरही तसंच झालं होतं: दोन निरोपे पकडले गेले, बेत फुटला, आणि गावं ठरल्याआधीच उठली. स्पॅनिश पळाले. बारा वर्षांनी परत आले म्हणा, पण मग देवाच्या वाटेला जरा बेतानं गेले.

यानंतर काही दिवसांनी सासूबाईंना खास विमानात जागा मिळाली. त्या सासऱ्यांना फोन करून हसल्या आणि रडल्या. मुलगी मात्र सोफ्यावर जाऊन लॅपटॉप उघडून बसली. एव्हाना ती आजीशी दिवसभर मराठीत भांडत असे.

"ती सुतळी आण," सासूबाई म्हणाल्या. "जायला जितके दिवस उरलेत तितक्या गाठी मार. रोज दोघी मिळून एक सोडू." मुलीनं मारल्या. शेवटची गाठ तिनं बापाच्या हत्यारपेटीतल्या पकडीनं ओढून घट्ट केली. मी पाहिलं.

जायच्या सकाळी टॅक्सी दारात उभी होती. सासूबाई मास्क लावून स्टुलावर बसल्या आणि त्या गाठीशी खटपट करू लागल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "नाही बाई सुटत."

त्याच नखांनी त्यांनी ओल्या पोत्यांची तोंडं सोडलेली मी पाहिली आहेत. मी बॅगेची चेन उगाच परत तपासली.

त्यांनी सुतळी मुलीच्या हातात दिली. "राहू दे तुझ्याकडे."

"पण गाठ राहिलीय," मुलगी म्हणाली. "म्हणजे तू गेलीच नाहीस."

"नाहीच गेले," सासूबाई म्हणाल्या, आणि टॅक्सीत जाऊन बसल्या.