प्रेमराजभाऊंची भरीत पार्टी

माणूस रडत बसला तर लोक त्याला दवाखान्यात नेतात. फार हसायला लागला तर त्याच्या पंगतीला बसतात. पारोळ्याजवळच्या प्रेमराजभाऊंच्या गावाची तरी हीच रीत.

भाऊंना लहर आली की शेतात भरीत पार्टी. वांगी, कळण्याच्या पुऱ्या, अख्ख्या गावाला आवतण. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, तोंडाला खंड नाही, आणि डोक्यात गावात विमानतळ आणायची योजना. गाव म्हणे, काय तडफ शे भाऊनी! बायको इंदिराबाई तेवढी धास्तावायची. साहजिकच, कंजूष म्हणून नाव तिचंच झालं.

मग भाऊ अंथरूण धरायचे. मागल्या खेपेला तर म्हणाले, "माले आते जगानं नही." पंगतीतले दिलदार लोक तेव्हा दुरूनच रामराम करत. तालुक्याच्या दवाखान्यातून उदासीची गोळी मिळाली आणि भाऊ उठले, ते थेट वांगी आणायलाच. अख्खं गाव म्हणालं, गुण आला.

इंदिराबाईला त्या गुणाचीच भीती. झोप येत नाही या निमित्तानं तिनं त्यांना आरोग्य केंद्रात ओढून नेलं. तिथल्या डॉक्टर सबीहा यांनी तिलाच विचारलं, "याआधी भाऊ कधी गरजेपेक्षा जास्त खूश होते?"

आजवर आनंदाची चौकशी कुणी केली नव्हती. "भरीत पार्टी," एवढंच ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

डॉक्टरांनी ती उदासीची गोळी थांबवली आणि भाऊंना धुळ्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. आजाराचं नाव कळलं, बायपोलर. चढही त्याचाच, उतारही त्याचाच. आता मनाचा तोल राखणारी गोळी, वेळेवर झोप आणि अधूनमधून रक्ताची तपासणी, तीही गावाजवळच्या केंद्रातच. भाऊ बरे झाले. गावाच्या मते बिघडले.

थंडी पडताच, भरिताच्या दिवसांत, पंगतीतले सुकदेवनाना चौघांना घेऊन ओट्यावर आले. "भाऊ, तू पयलासारखा राह्यना नही. दोन महिने गोळ्या सोड. तुले काय व्हयेल शे?"

ती धुंदी भाऊंनाही हवीहवीशी वाटत होती. इंदिराबाई दारात येऊन उभी राहिली.

"नाना," भाऊ सावकाश म्हणाले, "मी पडेल व्हतू तवय तुम्ही कोठे व्हतात?"

नाना खाकरले. "आम्हले वाटनं, तुले एकलं राहू देवानं."

"मी एकला नही व्हतू," भाऊंनी दाराकडे पाहिलं. "हाई व्हती." आणि तिच्याकडे पाणी मागून त्यांनी गोळी घेतली.