स्थगित, रद्द नव्हे

आमच्या कार्यालयात इंग्रजी पत्रांचे मसुदे माझ्याकडे येतात, कारण इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली तिथे मी एकटीच. पण कामाचं इंग्रजी मला शिकवलं ते साहेबांनी. कुठलाही आदेश मागे घ्यायचा असला की मी सरळ ‘कॅन्सल’ लिहायचे. साहेब लाल पेनानं ते खोडायचे आणि केबिनमध्ये बोलावून समजावायचे. कॅन्सल तिकीट होतं, सभा होते. आपला अर्ज आपणच परत घेतला तर विथड्रॉ. दिलेली परवानगी काढून घेतली तर रिव्होक. कोर्टानं निर्णय बाजूला सारला तर सेट असाइड. आणि कार्यालयानं आपलाच आदेश मुळापासून मागे घेतला तर रिसाइंड. मराठीत आपण सगळ्यालाच ‘रद्द’ म्हणून मोकळे होतो, असं ते म्हणायचे. त्यांचा हा काटेकोरपणा मला आवडायचा.

तीन वर्षांपूर्वी माझी बुलढाण्याला बदली निघाली. नवऱ्याचं डायलिसिस सुरू होऊन तेव्हा चारच महिने झाले होते. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी त्यांना प्रताप नगरातून स्कूटरवर धंतोलीच्या दवाखान्यात सोडायचे, तशीच ऑफिसला जायचे आणि जेवणाच्या सुट्टीत आणायला धावायचे. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. घरात तिसरं कुणी नाही. मी अर्ज केला, साहेबांनी त्यावर चांगला शेरा लिहिला आणि महिन्याभरात मुख्यालयाचं उत्तर आलं. पुढील आदेशापर्यंत माझी बदली ‘केप्ट इन अबेयन्स’.

मी पेढे घेऊन केबिनमध्ये गेले. साहेबांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही.

“हे स्थगित आहे, रद्द नाही,” ते म्हणाले. “उद्या वरून फोन आला तर निघावं लागेल.”

त्यानंतर हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! ते कधीच दम दिल्यासारखं नसायचं, अगदी काळजीच्या सुरात असायचं. शनिवारी येता का, म्हणून विचारताना. दुसऱ्या टेबलाचं काम माझ्याकडे सरकवताना. मी हो म्हणायचे. रजा मागायची वेळ आली की आधी दोन दिवस शब्द जुळवत बसायचे.

घरीही तेच. आम्ही पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. डायलिसिसहून आल्यावर ह्यांना जिना चढवत नसे, मधल्या वळणावर भिंतीला टेकून उभे राहायचे. दोन गल्ल्या सोडून तळमजल्याची जागा रिकामी झाली होती. पण घर बदललं आणि पंधरा दिवसांत आदेश आला तर? मी ती जागा सोडून दिली. मग आणखी एक सोडली.

ह्यांचं बालपण काटोलकडच्या खेड्यात गेलेलं. बोलणं अजून तिकडचंच. एकदा जिन्यातच म्हणाले, “तू साहेबाले नाही काहून म्हणत नाही वं? काय करन तो? बुलढाण्यालेच पाठवन ना?”

तेच तर, असं म्हणून मी त्यांचा हात धरला.

गेल्या हिवाळ्यात साहेब चार दिवस रजेवर होते. एका ड्रायव्हरचा बदली आदेश मागे घ्यायचा होता. हेडक्लार्कनं साहेबांच्या कपाटातली एक जुनी फाईल काढून दिली आणि यातल्या पत्रांसारखा मसुदा करा म्हणाला. मी पानं उलटत गेले, तर मधेच माझं नाव. माझा बदली आदेश ‘हियरबाय रिसाइंडेड’. खाली आमच्या कार्यालयाचा आवक शिक्का, सोळा महिन्यांपूर्वीचा. समासात लाल पेनानं लिहिलं होतं, ‘फायलीला लावा’.

मी ते तीनदा वाचलं. त्या शब्दाचा अर्थ मला कुणाला विचारायची गरज नव्हती.

सोमवारी साहेब आले. मी फाईल उघडून समोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि प्रत द्यायची राहून गेली असेल म्हणाले.

“सर, हे अक्षर तुमचं आहे.”

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, “तुम्ही इथेच तर होतात. तुमचं नुकसान काय झालं?”

मला जिना आठवला. मी पत्राची झेरॉक्स काढून आणली, तिच्यावर त्यांची त्या दिवसाच्या तारखेची सही घेतली आणि बाहेर आले.

घरी ह्यांनी तो कागद वाचला. “म्हंजे आपण उगाच वर राहिलो,” एवढंच म्हणाले.

महिन्याभरात आम्ही तळमजल्यावर गेलो. शनिवारी मी आता जात नाही. मुख्यालयाकडे तक्रारही लिहिली, पण आमच्याकडची तक्रार वर जाते ती साहेबांमार्फतच. ती त्यांच्याच हातात द्यावी लागली. मी पोच घेतली. त्याला पाच महिने झाले. साहेबांच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत आणि इंग्रजी मसुदे घेऊन मी रोज त्यांच्याच टेबलासमोर उभी राहते.